आरोग्यात पीएच.डी. करायची तर…

नावापुढे ‘डॉ.’ लागले की वस्तीतली आजी लगेच नाडी दाखवायला हात पुढे करते. तिचे काही चुकत नाही. पण डॉक्टर दोन तऱ्हेचे असतात. एक औषध देणारा, आणि दुसरा एखाद्या प्रश्नावर वर्षानुवर्षे संशोधन करून विद्यापीठाची पीएच.डी. मिळवणारा. बाबासाहेब दुसऱ्या तऱ्हेचे डॉक्टर. या पानावर आम्ही नेहमी रक्तदाब, साखर, बाळंतपण यांवर लिहितो. या वेळी आरोग्यातल्या या दुसऱ्या डॉक्टरकीवर लिहीत आहोत. करकंबच्या आणि आजूबाजूच्या वस्त्यांतून आज मुले-मुली बी.ए., बी.एस्सी., नर्सिंग करतात. एमबीबीएस हुकले की आरोग्याचे दार बंद झाले, असे घरोघरी धरून चालतात. ते खरे नाही.

या शाखेला आरोग्य संवर्धन म्हणतात. १९८६ साली कॅनडातल्या ओटावा शहरात जागतिक आरोग्य संघटनेची परिषद भरली. लोकांचा आपल्या आरोग्यावरचा ताबा वाढावा आणि त्यांना ते सुधारता यावे, हे आरोग्य संवर्धन, असे तिथे ठरले. चांगल्या आरोग्यासाठी आधी काय लागते याची यादीही त्यांनी दिली: शांतता, घर, शिक्षण, अन्न, उत्पन्न, आणि त्यातच सामाजिक न्याय. आपल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको.

आता हे करकंबच्या मातीत पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी निघाले. लोहाच्या गोळ्या तर सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. मग त्या डब्यातच का राहतात? सासूला त्या गोळ्यांची भीती वाटते म्हणून, मळमळते म्हणून, की उसाच्या फडावर पाणी आणि आडोसा नाही म्हणून? याचे उत्तर रक्त तपासून मिळत नाही. बायकांजवळ बसून, नीट पद्धतीने विचारावे लागते. तसेच बीडच्या ऊसतोड बायांचे. २०१९ मध्ये सरकारी समितीपुढे आले की पाहणी केलेल्या ८२ हजारांवर बायांपैकी १३ हजारांवर जणींची गर्भपिशवी काढलेली होती. या टोळ्या आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या कारखान्यांवरही येतात. आणि आषाढीला नाथांची पालखी करकंबवरून पंढरपूरला जाते तेव्हा पाण्याचे, संडासाचे काय होते, हाही प्रबंधाचाच विषय आहे. आजवर असले प्रश्न बाहेरून आलेल्यांनी विचारले आणि आपण उत्तरे देत राहिलो. विचारणारी आपली मुलगी असेल तर प्रश्नच बदलतील, असे आम्हांला वाटते.

‘आरोग्य संवर्धन’ याच नावाची पीएच.डी. आपल्याकडे शोधत बसू नका. हा विषय सार्वजनिक आरोग्य, समाजकार्य, समाजशास्त्र, नर्सिंग, गृहविज्ञानातले पोषण, लोकसंख्याशास्त्र अशा शाखांतून करता येतो. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले सामाजिक वैद्यकाचे केंद्र ही ठिकाणे ठाऊक असावीत. जवळचे म्हणाल तर समाजकार्याची पदव्युत्तर पदवी सोलापुरात होते, आणि टाटा संस्थेचा एक परिसर तुळजापूरला आहे. तिथून पुढे आरोग्याचा विषय घेऊन पीएच.डी. करता येते.

अटी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत आहेत. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, तीत किमान ५५ टक्के. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना ५० टक्के चालतात. चार वर्षांची नवी पदवी असेल तर ७५ टक्क्यांवर, आपल्या मुलांना ७० वर, थेट प्रवेशाचा अर्ज करता येतो. म्हणून एम.ए.ला ‘पास झालो ना, बास’ म्हणणाऱ्या मुलाला आत्ताच सांगा, ४८ टक्क्यांवर हे दार उघडत नाही.

पुढची पायरी नेट परीक्षेची. ती साधारण जून आणि डिसेंबरमध्ये होते. ‘सामाजिक वैद्यक व सामुदायिक आरोग्य’ हा तिच्यात स्वतंत्र विषय आहे; समाजकार्य, समाजशास्त्रही आहेत. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरतात: ७० टक्के वजन नेटला, ३० मुलाखतीला. काही विद्यापीठे आपली वेगळी परीक्षा घेतात, सोलापूर विद्यापीठाची ‘पेट’ तशीच. पीएच.डी.ला वयाची अट नाही. लग्न झालेल्या, दोन लेकरांच्या आईनेही हे वाचावे.

प्रवेशानंतर कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सहा. त्यावर दोन वर्षे वाढ मिळते आणि स्त्रियांना आणखी दोन. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी सगळी मिळून २४० दिवस रजा आहे. लग्न होऊन गाव बदलले तर संशोधनाची माहिती दुसऱ्या विद्यापीठात नेता येते. ही तरतूद अनेक मुलींना ठाऊकच नसते, आणि शिक्षण सुटते.

सुरुवातीला काही महिने वर्गात बसून संशोधनाच्या पद्धती शिकायच्या, त्यात ५५ टक्के मिळवायचे. मार्गदर्शक मिळणे हे खरे अवघड काम, कारण एका प्राध्यापकाकडे आठच विद्यार्थी असू शकतात. सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायकाकडे चार. त्यांची पुस्तके, लेख आधी वाचून मग भेटावे. नुसते ‘सर, विषय द्या’ म्हणत गेलात तर कोणी उभे करत नाही. पूर्वी प्रबंधाआधी शोधनिबंध छापणे सक्तीचे होते. २०२२ च्या नियमांत ती सक्ती नाही, पण छापलेला बरा. शेवटी प्रबंध बाहेरचे दोन परीक्षक तपासतात आणि तोंडी परीक्षा होते. बाबासाहेबांच्या वेळी कोलंबिया विद्यापीठाची अट होती की प्रबंध छापून प्रती द्यायच्या. तो १९२५ साली पुस्तकरूपाने निघाला आणि पदवी १९२७ साली हातात पडली. अटी आजच्याच जाचक आहेत असे नाही.

माणसांवर संशोधन करायचे तर नैतिक समितीची परवानगी लागते आणि ज्याला विचारायचे त्याची लेखी संमती. ही गोष्ट वस्तीतल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. वही घेऊन दारात आलेल्याने कागद आपल्याला कळेल अशा भाषेत वाचून दाखवला पाहिजे, आणि ‘नाही’ म्हणालात म्हणून दवाखान्यातली सेवा अडवता येत नाही.

पैसा? नेटमधून जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना ३७ हजार रुपये, पुढे ४२ हजार. जेआरएफला मात्र वय ३० पर्यंत. अनुसूचित जातीला आणि स्त्रियांना पाच वर्षे सवलत. अनुसूचित जातींसाठी केंद्राची वेगळी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, पुण्याच्या बार्टीचीही आहे. पण बार्टीच्या भरवशावर घरची एकमेव नोकरी सोडू नका. २०२१ च्या तुकडीतल्या ८६१ विद्यार्थ्यांच्या पैशासाठी आझाद मैदानावर बसावे लागले होते. परदेशात जायचे तर राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या ७५ मुलांना दर वर्षी मिळते.

काही मंडळी ‘घरबसल्या पीएच.डी.’ विकतात. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी. आयोगाला मान्य नाही. शाल-श्रीफळासह मिळणाऱ्या मानद डॉक्टरेटवर नोकरी लागत नाही. खरा प्रबंध कसा असतो ते पाहायचे तर ‘शोधगंगा’ या सरकारी भांडारात फुकट वाचता येतो, मराठीतलेही आहेत.

राहिला कागद. केंद्राच्या सवलतींसाठीच्या जातीच्या दाखल्यावर मूळ अनुसूचित जातीचे नाव लागते. नुसते ‘बौद्ध’ लिहिलेला कागद अडतो. १९९० च्या कायद्याने बौद्धांना या सवलती मिळाल्या आहेत, त्याचा उल्लेख दाखल्यात असतो. दाखला पंढरपूरच्या प्रांत कार्यालयातून आणि वैधता सोलापूरच्या पडताळणी समितीकडून. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा जुना उतारा मागतात. तो आधी शोधून ठेवा; शाळेच्या कपाटातली ती रजिस्टरे वाळवीने खाल्ली की मग फार हिंडावे लागते.