सात दिस पाणी

आमच्या बेडरूमच्या दारावरची भेग पाच वर्षं ओळखीची होती. चौकटीच्या डाव्या कोपऱ्यातून निघून ती तिरकी छताकडे जायची. दर दिवाळीआधी रंगारी यायचा, पुट्टी भरायचा, पॉलिश पेपर घासायचा, वर रंगाचा हात मारायचा. पुढच्या पावसाळ्यात भेग पुन्हा हजर. यंदा परतीच्या पावसात वाऱ्याने दार आपटलं आणि चौकटीलगतचा वीतभर गिलावाच खाली आला. आत विटा दिसल्या. कोथरूडमधल्या या घरात इतकी वर्षं काढली, पण भिंतीचं आतलं अंग पहिल्यांदाच बघत होते. मिस्त्री येणार त्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि पॅसेजमध्ये खुर्ची घेऊन बसले.

मिस्त्री लातूरकडचे, साठीला आलेले. हाताखाली भाचा. मला वाटलं, आल्या आल्या सिमेंट कालवतील. त्यांनी पिशवीतून थापी काढली, उलटी धरली आणि तिच्या मुठीने भिंत ठोकायला लागले. टक, टक, टक. मग एकदम भद.

"आयकलं का ताई?"

ऐकलं. जिथे भद वाजेल तिथे ते पेन्सिलने खूण करत गेले. पडला होता वीतभर गिलावा. पेन्सिलची रेघ मात्र कमरेपासून निघून चौकटीला वळसा घालून दारावरच्या लिंटेलच्याही वर पोचली. "हे समदं सुटलंय," ते म्हणाले. "रंगानं धरून ठेवलंय."

पाच वर्षं मी रंगाऱ्याला पैसे कशाचे देत होते, ते या तीन शब्दांत कळलं.

छन्नी-हातोड्याने सुटलेला गिलावा उतरवायला दोन तास गेले. घरभर धूळ. आत दुखण्याचं मूळ सापडलं, एक नव्हे, दोन. चौकट भिंतीत रोवलेल्या लोखंडी होल्डफास्टवर उभी असते. त्यातला मधला एक ढिला झाला होता. दार आपटलं की चौकट हलायची आणि शेजारचा गिलावा तिचा मार खायचा. दुसरं मूळ वर होतं. लिंटेल काँक्रीटचं, त्याच्या बाजूची भिंत विटांची. ऊन-पावसात दोघांचं फुगणं-आकसणं सारखं नसतं, म्हणून त्यांच्या सांध्यावरूनच भेग निघते. पुट्टीला हे सांधणं जमणार कसं? ती नखभर जाडीची.

होल्डफास्टभोवती काँक्रीट ठासून झालं. सांध्यावर दोन्ही बाजूंना वीतभर जाईल अशी कोंबडीजाळी खिळ्यांनी ताणून बसवली. मग भाच्याने मगाने विटांवर पाणी मारलं आणि बंद खोलीत पहिल्या पावसाचा वास सुटला. काम संपून बरेच दिवस झाले, तरी या लेखासाठी बसले की आधी तो वासच आठवतो. विटा पाणी घटाघटा पीत होत्या. त्यांना आधी पाजलं नाही, तर नव्या मालातलं पाणी त्या ओढून घेतात. मग सिमेंट घट्ट होण्याऐवजी भुसभुशीत राहतं.

एकास चार माल. वाळू चाळून घेतलेली, तीही नदीची नव्हे, खडीच्या क्रशरची. कालवला फक्त घमेलंभर. अर्ध्या तासात संपेल एवढाच. पुढचं भराभर झालं: थापीने माल मारला, पट्टी ओढली, ओळंबा धरला, लाकडी रंध्याने घोटलं, वर नीरूचा गुळगुळीत हात. जाडी जुन्या गिलाव्याइतकी, बारा मिलिमीटरच्या आसपास.

शेवटी मात्र त्यांनी एक गोष्ट केली, ती मला आधी चूकच वाटली. चौकट आणि नवा गिलावा जिथे भिडतात, तिथे थापीच्या टोकाने वरपासून खालपर्यंत बारीक खाच पाडली. एवढं गुळगुळीत केलेलं काम मुद्दाम तोडायचं?

"लाकूड पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात आटणार. ते काय तुमचं-माझं आयकतंय व्हय? फाटायचंच आसंल तर हितं फाटू द्या. दिसणार न्हाई."

हात धुताना म्हणाले, "सात दिस पाणी." जिन्यात पुन्हा, "सात दिस, ताई." रात्री फोन आला तोही तेवढ्यासाठीच. सकाळ-संध्याकाळ भिंत भिजवायची, सुकू द्यायची नाही. आणि रंग महिनाभर तरी नको.

हे सात दिवस कुणाच्याच हिशेबात नसतात. मिस्त्रीला रोज मिळतो तो थापी चालवल्याचा, रंगाऱ्याला पैसे मिळतात ते गुळगुळीत दिसण्याचे. पाणी मारायचे पैसे कोण देतं? म्हणून ते बहुतेक कुणी सांगत नाही. नव्या टॉवरांमध्ये तर जिप्समचा गिलावा असतो. त्याला पाणी मारावंच लागत नाही, अर्ध्या तासात तो घट्ट होतो. सोय आहे खरी. पण वरच्या मजल्यावरचा नळ गळला की तोच फुगून पोपडे धरतो. आमच्याकडे काम झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी रंगारी डोकावला. "मॅडम, पुट्टी मारून टाकू का? दिवाळीला चकाचक." नको म्हटलं. सात दिवस मग घेऊन भिंतीपुढे उभी राहिले. चौथ्या दिवशी कंटाळा आला, तरी मारलं.

आठव्या दिवशी मिस्त्री दुसऱ्या कामावर जाताना न बोलावता आले. चपला दाराबाहेर काढल्या, थापी उलटी धरली आणि खालून वरपर्यंत ठोकत गेले. सगळीकडे टक. चहा घेतला, पैसे घेतले नाहीत.

दिवाळीत दाराभोवती राखाडी पट्टा तसाच होता. पाहुणे विचारायचे, "रंगाचं राहिलं वाटतं?" मी हो म्हणायचे. रंगारी अजून यायचाय. तोवर येता-जाता मी बोटाच्या पेराने भिंत ठोकून बघते. अजून तरी टक.