शेळी ज्याला तोंड लावीत नाही

सातपुड्याच्या पायथ्याशी किंवा तापी-गिरणेच्या काठच्या गावांत शेळ्यांपासून मळा राखणे किती कठीण, हे सांगावयास नको. बोरी-बाभळीचा पालादेखील त्या सोडीत नाहीत. पण बांधावर अडुळसा असला, तर त्या त्याला हुंगून पुढे जातात. तमिळ भाषेत याचे नावच मुळी 'शेळी शिवत नाही' अशा अर्थाचे आहे, आणि १७५३ साली लिनिअसने या झुडपाचे शास्त्रीय नाव ठेवताना तोच शब्द उचलला. संस्कृतातील 'सिंहास्य' हे नाव मात्र फुलावरून पडले. पांढऱ्या पाकळ्या सिंहाच्या जबड्यासारख्या उघडलेल्या आणि खालच्या ओठावर जांभळट रेघा. त्या फुलातला मध चोखलेला ज्याला आठवत नाही, त्याचे बालपण खेड्यात गेले नसावे!

शेळीला नकोसा वाटणारा हा कडूपणाच माणसाच्या उपयोगी पडला. पाने वाफेवर मऊ करून, पिळून, तो रस मधातून घ्यावयाचा. किंवा सुंठ, ज्येष्ठमध व खडीसाखर घालून काढा करावयाचा. दम्याच्या रोग्याने वाळल्या पानांची विडी ओढावी, असाही एक प्रघात होता. तो आम्हांस मुळीच पसंत नाही. धूर तो धूरच.

पानातील मुख्य द्रव्य म्हणजे व्हासिसिन. त्याने श्वासनलिका सैल होते. याच द्रव्याच्या घडणीवरून रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध तयार केले. ते १९६०च्या दशकात युरोपात प्रचारात आले. त्याच्यापासून शरीरात बनणारे अ‍ॅम्ब्रॉक्सॉल आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांत असते. म्हणजे जळगावच्या औषधाच्या दुकानातून आपण जी बाटली आणतो, तिचे गोत्र बांधावरच्या झुडपापर्यंत पोचते.

इथवर सारे ठीक. आमचे भांडण आहे ते पुढच्या समजुतीशी. जुन्या वैद्यकाने अडुळसा कासावर सांगितला, तसाच रक्तपित्तावर आणि क्षयावरही सांगितला. त्यामुळे थुंकीत रक्त दिसले, की घरोघर काढा उकळू लागतो. काढ्याने कफ सुटतो, रात्री झोप लागते, आणि 'उतार पडला' असे वाटते. क्षयाचे जंतू मात्र आत आपले काम करीतच असतात. सरकी काढण्याच्या जिनात राबणारा माणूस तर खोकल्याचा सारा दोष रुईच्या कसाला देऊन मोकळा होतो. त्या काळात पुराण्या वैद्यापाशी दुसरा इलाज नव्हता. आज रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड आदी औषधांचा साधारणतः सहा महिन्यांचा क्रम पुरा केला, तर बहुतेक रोगी बरे होतात. दोन आठवड्यांवर खोकला टिकला, वा रक्त एकदा जरी पडले, तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी दवाखान्यात विनामूल्य होते.

आणखी एक. व्हासिसिनने गर्भाशय आकुंचन पावते, म्हणून गर्भवतीस अडुळसा देऊ नये. वर्षाच्या आतील मुलाला मधातला रसही नको, कारण मधच त्या वयाला वर्ज्य.

बाकी साध्या पडशा-खोकल्यापुरता तो परसात असावाच. पावसाळ्याच्या तोंडाशी वीतभर फांदी खोचली तरी रुजते. राखण करण्याचे कारण नाही. शेळ्यांचे आम्ही वर सांगितलेच आहे.