घरच्या घरी अपूर्णांकांचा सराव

चौथी-पाचवीतल्या मुलाला १/४ आणि १/८ यांत मोठा कोणता ते विचारा. बरीच मुलं १/८ म्हणतात, कारण चारापेक्षा आठ मोठे. आजवर शिकलेला संख्यांचा नियमच ती इथे लावतात, त्यामुळे ही चूक आळसाची नव्हे. अशा वेळी नियम सांगून मोकळं होऊ नये. भाग केवढा आहे हे हातांना आणि डोळ्यांना आधी कळू द्यावं.

बाजारातला हिशेब

पाव किलो रवा, सव्वा वाटी पाणी, पाऊण तास, अडीच मीटर कापड; मूल हे रोज ऐकतच असतं. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे पाढेच पाठ करून घेत. ते पुन्हा घोकायला लावायची गरज नाही. मुलाला भाजी आणायला बरोबर न्या. वांगी ८० रुपये किलो, तर पाऊण किलोचे किती? कुणी पाव किलोचे २० काढून तिप्पट करेल, कुणी ८० मधून २० वजा करेल. उत्तर ६० आलं की थांबू नका, ते कसं काढलं हे त्याच्या तोंडून ऐका.

एक मात्र सांभाळा. अर्धी भाकरी आणि अर्धी पुरी सारखी नसते. तुलना करायची तर मूळ वस्तू तेवढीच हवी.

२४ सेंटिमीटरच्या पट्ट्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कोऱ्या कागदाच्या २४ सेंटिमीटर लांबीच्या सहा पट्ट्या कापा. २४ ला २, ३, ४, ६ आणि ८ यांनी पूर्ण भाग जातो, म्हणून हीच लांबी. एक पट्टी अखंड ठेवा. बाकीच्यांचे अनुक्रमे दोन, तीन, चार, सहा आणि आठ समान भाग करा. अर्धा, पाव आणि अष्टमांश घडी घालून होतात. तीन आणि सहा भागांच्या घड्या चुकतात, तिथे फूटपट्टीने खुणा करा. प्रत्येक भागावर अपूर्णांक मुलालाच लिहू द्या.

आता १/२ + १/३ घ्या. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून २/५ लिहिणारी मुलं खूप. पट्टीवर अर्धा भाग १२ सेंटिमीटरचा, तृतीयांश ८ चा. ते सलग ठेवले की लांबी २०. त्याखाली सहा भागांची पट्टी लावा, बरोबर पाच तुकडे भरतात: ५/६. मग विचारा, २/५ तर अर्ध्याहूनही कमी, अर्ध्यात भर घातल्यावर कमी कसं होईल? समच्छेद का करायचे, ते इथे दिसतं: दोन्ही भाग एकाच मापाच्या तुकड्यांनी मोजता यावेत म्हणून.

गुणाकार आणि भागाकार

अर्ध्या पट्टीची पुन्हा घडी घाला. अर्ध्याचा अर्धा म्हणजे पाव. गुणाकारानंतरही संख्या लहान होते याचं मुलांना नवल वाटतं, वाटू द्या. भागाकाराला शेंगदाणे बरे. दोन किलोंच्या पाव-पाव किलोच्या पुड्या किती? एका किलोत चार, म्हणून दोन किलोंत आठ. २ ÷ १/४ करताना ४ ने का गुणतात, ते इथेच समजतं.

आधी अंदाज

दिवसाला दहा-पंधरा मिनिटं पुरेत, पण पेन्सिल उचलण्यापूर्वी अंदाज विचाराच. ७/८ + ११/१२ साधारण किती? दोन्ही एकाच्या जवळ, म्हणजे उत्तर दोनाच्या आसपास. मुलाने १८/२० लिहिलं तर खोडू नका. हे एकापेक्षाही कमी आहे, हे त्याला स्वतःला दिसेपर्यंत वेळ द्या.