जुन्या ट्रॅक्टरची तेलगळती : आधी निदान, मग दुरुस्ती

रात्री गोठ्याशेजारी उभा केलेला जुना ट्रॅक्टर सकाळी पुढे घेतला की मातीवर काळा डाग दिसतो. “जुने यंत्र आहे, थोडे तेल गळायचेच,” असे म्हणून त्यावर माती लोटली जाते आणि इंजिनात अर्धा लिटर तेल भरून काम सुरू होते. पुढे ऐन पेरणीत क्लच घसरू लागतो किंवा उतारावर ब्रेक लागत नाही, तेव्हा त्या डागाची आठवण होते. तेलगळती हा स्वतंत्र आजार नाही. ते आतील बिघाडाचे लक्षण आहे.

फरिदाबाद येथून १९५९ मध्ये आयशरचा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. त्यानंतर इंटरनॅशनल बी-२७५, मॅसी फर्ग्युसन, पिंजोरचा एचएमटी झेटर आणि १९७४ मध्ये स्वराज ७२४ अशी एक पिढीच देशाच्या शेतात उतरली. यांतील काही ट्रॅक्टर आजही फवारणी, मळणी व वाहतुकीची कामे करतात. मात्र सर्वांचे कारखाने राहिले नाहीत. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली. अशा यंत्रांच्या बाबतीत चुकीच्या निदानाची किंमत दुप्पट होते. मजुरी वाया जातेच, शिवाय काढताना मोडलेला भाग पुन्हा मिळेलच याची खात्री नसते.

स्वच्छतेपासून आरंभ

तेल जेथे टपकते तेथेच ते निसटते असे नाही. ते उताराने खाली येते, पंख्याच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते आणि सर्वांत खालच्या बोल्टवर थेंब होऊन लोंबते. म्हणून इंजिन थंड असताना ब्रश व रॉकेलने वरपासून खालपर्यंतचा चिखल-तेलाचा थर धुऊन काढावा आणि भाग कोरडा पुसावा. संशयित सांध्यांवर पातळ टाल्कम पावडर भुरभुरावी. त्यानंतर इंजिन सुरू करून गरम होऊ द्यावे, ते बंद करावे आणि बॅटरीच्या उजेडात वरून खाली पाहत यावे. पावडरीवर जेथे पहिली ओल उमटते, ते गळतीचे मूळ. रात्री ट्रॅक्टरखाली पुठ्ठा पसरून त्यावर पुढच्या चाकांच्या जागा खुणावल्यास कोणता थेंब कोठून पडला हे सकाळी समजते.

इंजेक्टरच्या किंवा हायड्रॉलिकच्या नळ्यांवरील गळती हाताने चाचपू नये. दाबाखालील बारीक धार कातडी भेदून आत शिरते. तेथे पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावे.

रंग, वास आणि पातळी

डिझेल इंजिनातील तेल लवकर काळे पडते. गिअरबॉक्समधील तेल बहुधा मधाच्या रंगाचे व उग्र वासाचे असते. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल व हायड्रॉलिक लिफ्ट यांना एकच तेल असते, हे लक्षात ठेवावे. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरात गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरातूनही पावसाचे पाणी आत जाते.

गळतीपेक्षा घातक खूण म्हणजे डिपस्टिकवरील पातळी वाढणे. तेल पातळ झाले असून त्याला डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाचा पडदा फाटून डिझेल चेंबरमध्ये उतरत असण्याची शक्यता असते. असे तेल बेअरिंगना वाचवू शकत नाही. कारण सापडून तेल बदलेपर्यंत इंजिन सुरू करू नये.

क्लच हाऊसिंगचे छिद्र

अनेक जुन्या ट्रॅक्टरांत क्लच हाऊसिंगच्या तळाशी एक छिद्र व त्यात सैल पिन असते. आत आलेले तेल क्लचवर साचू नये म्हणून ही सोय आहे. तेथून काळे तेल येत असल्यास क्रँकशाफ्टच्या मागील सीलवर संशय जातो. मधाच्या रंगाचे आल्यास गिअरबॉक्सच्या पुढील सीलवर. दोन्हींसाठी ट्रॅक्टर मधून दोन भागांत सोडवावा लागतो, आणि येथेच घाई महागात पडते. टॅपेट कव्हरच्या मागील कोपऱ्यातून निसटलेले तेल इंजिनच्या पाठीवरून उतरून याच ठिकाणी लोंबते. ते धुऊन, पावडर लावून तपासले नाही, तर एका कॉर्क गास्केटसाठी संपूर्ण ट्रॅक्टर उघडला जातो.

सीलपूर्वी ब्रीदर

नवे सील महिनाभरात पुन्हा गळू लागले, तर दोष बहुधा सीलचा नसतो. इंजिनाचा ब्रीदर धुळीने बुजला की आतील दाब वाढतो आणि तेल सर्वांत कमकुवत सांध्यातून बाहेर पडते. ब्रीदर साफ असूनही त्यातून धूर फुसफुसत असेल, तर पिस्टन रिंगा झिजल्या आहेत. सील बदलून ते थांबणार नाही. मागच्या ॲक्सलच्या ब्रीदरचेही तसेच. तो बुजल्यास तेल चाकाच्या सीलमधून ब्रेकवर येऊ शकते. चाकाच्या आतील बाजूस तेल दिसताच वाहतूक थांबवावी. ट्रॉली जोडलेल्या ट्रॅक्टरचा ब्रेक हा जिवाचा प्रश्न आहे.

टॅपेट कव्हरवरील ओलसरपणा मात्र हंगाम संपेपर्यंत चालू शकतो. रोज पातळी पाहिली म्हणजे पुरे. तेथील बोल्ट जोराने आवळू नयेत. पत्रा वाकतो आणि गळती वाढते.

सुटा भाग आणि मिस्त्री

कंपनीचा भाग मिळत नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही. ऑइल सील तीन मापांवर मिळते : शाफ्टचा व्यास, घराचा व्यास आणि जाडी. व्हर्नियरने ही मापे घेऊन जुने सील तालुक्याच्या बेअरिंगच्या दुकानात न्यावे. ब्रिटिश घडणीच्या ट्रॅक्टरांत मापे इंचांत, तर झेटरसारख्यांत मिलिमीटरमध्ये असतात. ‘जवळपास बसणारे’ सील घेऊ नये. बसवताना स्प्रिंग असलेली ओठाची बाजू तेलाकडे ठेवावी. शाफ्टवर नखाला जाणवेल अशी चर पडली असल्यास लेथवाल्याकडून बारीक स्लीव्ह बसवून घ्यावी, अन्यथा नवे सीलही टिकणार नाही.

मिस्त्री निवडताना त्याने हेच मॉडेल उघडले आहे का, हे विचारावे. कंपनीच्या सेवेतून निवृत्त झालेले फिटर या कामी मोलाचे ठरतात. त्यांना मॉडेल, चॅसिस व इंजिन क्रमांक, धुतलेल्या भागाची छायाचित्रे आणि किती तासांत किती तेल कमी होते याची नोंद द्यावी. अंदाजाचा खर्च वाचतो. स्वतः शिकू इच्छिणाऱ्यांसाठी बुदनी (मध्य प्रदेश), हिसार (हरियाणा), गार्लादिन्ने (आंध्र प्रदेश) आणि बिस्वनाथ चारियाली (आसाम) येथील केंद्र सरकारच्या कृषियंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थांमध्ये देखभाल-दुरुस्तीचे प्रशिक्षण दिले जाते. जवळचे कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विद्यापीठाचा कृषी अभियांत्रिकी विभाग येथेही विचारणा करावी.

काढलेले तेल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नये. डब्यात साठवून जुने तेल गोळा करणाऱ्या अधिकृत व्यावसायिकास द्यावे. आणि उद्या सकाळी डाग दिसला, तर त्यावर माती लोटण्यापूर्वी त्यात बोट बुडवून रंग व वास पाहावा. दुरुस्तीचा अर्धा मार्ग तेथेच उलगडतो.