आतड्याच्या डागडुजीचा हिशेब

रोज 100 मिलिलिटरचा एनिमा, आणि त्यात औषध जेमतेम 5 मायक्रोग्रॅम. मिठाचा एक कणही याहून जड भरेल. इंग्लंडमधल्या 24 रुग्णांवर झालेला हा छोटा प्रयोग 2003 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. सगळ्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. दिवसात कितीदा तरी शौचाला पळायचं, त्यात रक्त आणि आव, आणि घराबाहेर पडताना आधी डोक्यात येणार ते वाटेवर संडास कुठे आहे. नेहमीची मेसालामाइनची गोळी सगळ्यांनाच चालू होती. निम्म्यांच्या एनिमात एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, म्हणजे ईजीएफ होता, निम्म्यांच्या एनिमात काहीच नाही. दोन आठवड्यांनी ईजीएफ घेणाऱ्या 12 पैकी 10 जणांचा आजार शांत झालेला होता. दुसऱ्या गटात 12 पैकी एकाचा.

असा निकाल लागल्यावर हे औषध पुढच्या काही वर्षांत दवाखान्यात पोहोचेल, असं कुणालाही वाटलं असतं. ते आजही पोहोचलेलं नाही.

आतड्याचं आतलं अस्तर एकाच पेशीच्या जाडीचं असतं आणि निरोगी माणसात ते चार-पाच दिवसांत नवं होतं. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या दोन आजारांत शरीराची संरक्षणव्यवस्थाच त्याच्यावर उठते. अस्तर सोलून निघतं, व्रण पडतात, आणि क्रोन्समध्ये ते इतके खोल जातात की आतडं आकसतं किंवा भगंदर होतं. उपचाराच्या वाटा त्यामुळे दोन. एक, दाह दाबायचा आणि दुरुस्ती शरीरावर सोडायची. दुसरी, दुरुस्तीलाच हात घालायचा. औषधांचं दुकान चाललं ते पहिल्या वाटेवर. दुसऱ्या वाटेवर गेल्या पंचवीस वर्षांत बरेच जण उतरले आणि बहुतेक रिकाम्या हातांनी परतले.

पहिल्या वाटेवरचा एक मोठा टप्पा ऑक्सफर्डमधला. ट्रूलव्ह आणि विट्स यांनी 1955 साली कोलायटिसच्या 210 रुग्णांवरच्या चाचणीचा अंतिम अहवाल दिला. सहा आठवड्यांत कॉर्टिसोनने 41 टक्के रुग्णांचा आजार शांत झाला, प्लासिबोने, म्हणजे औषध नसलेल्या नकली उपचाराने, 16 टक्के. तेव्हापासून स्टेरॉइड हा आधार झाला. पण रुग्णाला बरं वाटणं आणि आतडं बरं होणं या दोन गोष्टी निराळ्या, हे आकड्यांत दिसायला 1990 साल उजाडलं. फ्रेंच डॉक्टरांच्या एका गटाने क्रोन्सच्या 142 रुग्णांना सात आठवड्यांपर्यंत प्रेडनिसोलोन दिलं. त्यातल्या 92 टक्क्यांची लक्षणं गेली. दुर्बीण आत घालून पाहिलं, तर लक्षणं गेलेल्यांपैकी फक्त 29 टक्क्यांचं आतडं आतून शांत होतं. बाकीचे हसतमुखाने घरी चालले होते आणि पोटात व्रण तसेच.

मग 1997 मध्ये इन्फ्लिक्सिमॅबची चाचणी आली. टीएनएफ या दाहक रेणूला अडवणारी ही प्रतिपिंडं एकदाच शिरेतून दिली, आणि चार आठवड्यांत सर्वात परिणामकारक मात्रेच्या गटात 81 टक्क्यांना फरक पडला. प्लासिबोच्या गटात 17 टक्क्यांना. पुढच्याच वर्षी अमेरिकेत मान्यता मिळाली. या औषधाने व्रणही भरताना दिसले आणि ‘अस्तर भरून येणं’ हेच उपचाराचं ध्येय मानलं जाऊ लागलं. पण तरीही ही डागडुजी आडवाटेनेच होत होती. भांडण थांबलं की घरातली माणसं स्वतःच सांडलवंड आवरायला लागतात, तसं.

थेट डागडुजीचं मूळ मात्र उंदराच्या लाळग्रंथीत आहे. स्टॅनली कोहेन यांनी या ग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तर त्यांचे डोळे वेळेआधी उघडले आणि दात लवकर आले. त्यातला कर्ता रेणू त्यांनी 1962 साली वेगळा काढला. तोच ईजीएफ. 1986 साली या कामाला रीटा लेवी-मोंताल्चिनी यांच्यासोबत नोबेल मिळालं. माणसाच्या लाळेतही तो असतो. बोट कापलं की आपण ते झटकन तोंडात घालतो, त्या सवयीत अगदीच वेडेपणा नसावा.

अडचण अशी की पेशींना ‘वाढा’ म्हणणारा हा रेणू कोणत्या पेशींना म्हणतोय, हे पाहत नाही. जुना कोलायटिस असलेल्यांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका मुळातच जास्त. आणि ईजीएफची एनिमा-चाचणी छापून आल्याला वर्ष होतं न होतं तोच, फेब्रुवारी 2004 मध्ये, आतड्याच्या कर्करोगावर सेटुक्सिमॅबला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याचं काम काय? पेशींवर ईजीएफ जिथे जोडला जातो, ती कडीच बंद करणं. एका आजारासाठी जे दार उघडायचं, तेच दुसऱ्यासाठी खिळे ठोकून बंद करायचं! अशा वेळी मोठ्या चाचणीला पैसा घालणार कोण? पेशींना वाढवणाराच दुसरा एक रेणू, रेपिफर्मिन, 88 रुग्णांवर वापरून पाहिला गेला, पण प्लासिबोपेक्षा सरस ठरला नाही. त्याचा भाऊबंद पालिफर्मिन तरला खरा, पण वेगळ्याच कामावर. कर्करोगाच्या जबर उपचारात तोंड येतं, त्यावर.

जीएलपी-2 या संप्रेरकाचीही गत तशीच. ते उंदराच्या आतड्याचं अस्तर वाढवतं, हे टोरांटोच्या डॅनियल ड्रकर यांनी 1996 मध्ये दाखवलं. रक्तातलं एक विकर त्याला काही मिनिटांत तोडून टाकायचं. म्हणून साखळीतलं दुसरं अमिनो आम्ल बदललं आणि टेडुग्लुटाइड तयार झालं. क्रोन्सच्या 100 रुग्णांवरच्या चाचणीत ठाम असं काही हाती लागलं नाही. शस्त्रक्रियेत आतडं फार कापलं गेल्याने अन्न अंगी लागत नाही अशांसाठी मात्र 2012 साली ते मंजूर झालं. आतडं वाचवायला निघालेलं औषध उरलेल्या आतड्याच्या कामी आलं, हेही कमी नव्हे.

सगळ्यात मोठा गाजावाजा मोंगरसेन या गोळीचा. क्रोन्समध्ये एसमॅड7 नावाचं प्रथिन वाढतं आणि टीजीएफ-बीटा या दाह आवरणाऱ्या रेणूचं काही चालू देत नाही. एसमॅड7 लाच गप्प करायचं, ही रोमच्या जोव्हान्नी मॉन्टेलेओने यांची कल्पना. सेल्जीन कंपनीने 2014 साली या गोळीच्या हक्कांसाठी आगाऊच 71 कोटी डॉलर मोजले. पुढच्या वर्षी 166 रुग्णांवरचा निकाल छापून आला. दोन आठवड्यांच्या औषधाने वरच्या दोन मात्रांच्या गटांत 55 आणि 65 टक्के रुग्णांचा आजार शांत झाला, प्लासिबोत 10 टक्के. टीकाकारांनी तेव्हाच बोट ठेवलं की आजार शांत झाला हे ठरलं लक्षणांवरून. आतड्यातले व्रण भरले का, हे त्या निकालात नव्हतंच. फ्रेंच डॉक्टरांनी 1990 मध्ये शिकवलेला धडा पंचवीस वर्षांनी पुन्हा समोर आला. ऑक्टोबर 2017 मध्ये तिसऱ्या टप्प्याची चाचणी अर्ध्यावर बंद पडली.

पेशींच्या उपचाराची कहाणी याहून चटका लावणारी, कारण ते औषध बाजारात येऊन गेलं. दात्याच्या चरबीतून काढलेल्या 12 कोटी मूळपेशी क्रोन्सच्या भगंदरात टोचायच्या. 2016 च्या चाचणीत 212 रुग्ण होते. 24 आठवड्यांनी पेशी मिळालेल्यांपैकी 50 टक्क्यांचं भगंदर भरलं होतं, इतरांपैकी 34 टक्क्यांचं. दोन वर्षांनी युरोपने ‘अलोफिसेल’ या नावाने त्याला मान्यता दिली. मग मोठी चाचणी झाली आणि 2023 मध्ये ती फसली. डिसेंबर 2024 मध्ये ते युरोपच्या बाजारातून मागे घेतलं गेलं.

यात हळदीला आणल्याशिवाय मराठी वाचकाचं समाधान व्हायचं नाही. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत 1995 साली दिलं गेलं होतं. सीएसआयआरचे तेव्हाचे महासंचालक, मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी त्याविरुद्ध लढा दिला आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. जपानमध्ये 2006 साली कोलायटिस शांत असलेल्यांना नेहमीच्या औषधाबरोबर हळदीतलं कर्क्युमिन दिलं गेलं. सहा महिन्यांत 43 पैकी दोघांचाच आजार उलटला, प्लासिबो घेणाऱ्या 39 पैकी आठांचा. चाचणी लहान, आणि मात्रा रोजची दोन ग्रॅम शुद्ध कर्क्युमिनची. दुधात चिमूटभर हळद टाकून ती गाठता येत नाही.

प्रयोगशाळा थांबलेल्या नाहीत. जखम भरायला मदत करणारं प्रोस्टाग्लँडिन ई2 शरीरातच तोडलं जातं. ते तोडणाऱ्या विकराला अडवलं, तर कोलायटिस झालेल्या उंदरांचं आतडं लवकर सांधतं, असं क्लीव्हलँड आणि डॅलसच्या शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये दाखवलं. टोकियोत 2022 साली कोलायटिसच्या एका रुग्णाच्याच आतड्यातल्या मूळपेशींपासून इवलाले गोळे वाढवून दुर्बिणीतून त्याच्या व्रणावर रुजवले गेले.

दरम्यान इंटरनेटवर बीपीसी-157 नावाच्या पेप्टाइडच्या कुप्या ‘आतडं दुरुस्त करणारं’ म्हणून विकल्या जातात. त्यामागचं बहुतेक काम झाग्रेबमधल्या एका गटाने उंदीर-घुशींवर केलेलं आहे. खेळाडूंसाठी ते 2022 पासून बंदीच्या यादीत आहे, आणि कोलायटिसवरचं औषध म्हणून त्याला कुठेच मान्यता नाही. अनेक कुप्यांवर बारीक अक्षरांत ‘केवळ संशोधनासाठी, माणसांनी वापरू नये’ असं छापलेलं असतं. मागवण्याचा मोह झालाच, तर भिंग घेऊन आधी तेवढं वाचावं.