पोलादी तारांचा गडगडाट

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. १९६५ साली तेथील पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा काम करीत होता. फावल्या वेळात तो गिटार वाजवी आणि त्यातच पुढे जावे म्हणून त्याने नोकरी सोडायचे ठरवले होते. कामाचा तो शेवटचा दिवस होता. पत्रा दाबण्याच्या यंत्रावरचा माणूस आला नाही म्हणून त्या जागी टोनीला उभे केले गेले. यंत्राचा दाब खाली आला आणि त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. टोनी डावखुरा. म्हणजे उजवा हात हाच त्याचा गिटारच्या तारा दाबण्याचा हात!

डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितले. कारखान्यातील वरिष्ठाने मात्र त्याला एक ध्वनिमुद्रिका ऐकवली. ती होती जँगो राइनहार्ट या वादकाची. १९२८ साली आगीत भाजल्यामुळे त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली होती, तरी तो उरलेल्या बोटांनी विजेसारखा वाजवत असे. टोनीने घरी भांडी घासण्याच्या द्रवाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिच्या गोळीला तापलेल्या सळईने भोके पाडून बोटाच्या आकाराच्या टोप्या केल्या, कानशीने घासल्या आणि जुन्या जाकिटाच्या कातड्याचे तुकडे त्यांवर चिकटवले. या टोप्या घालून तो पुन्हा वाजवू लागला. पुढे त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या चौघांच्या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाली. तिचे ध्वनिमुद्रण जेमतेम एका दिवसात उरकले होते! ‘हेवी मेटल’ या संगीतप्रकाराचा जन्म बहुतेक जाणकार याच ध्वनिमुद्रिकेपासून धरतात.

प्रस्तुत लेखकाला हा गडगडाट मनापासून आवडतो; घरातील इतरांचे मत निराळे आहे. तुम्हाला तो आवडलाच पाहिजे असे नाही. पण त्यात भौतिकशास्त्र किती दडले आहे ते पाहण्यासारखे आहे.

टोनीपुढचा पहिला प्रश्न होता ताणाचा. ताठ तार दाबली की टोप्यांखालची बोटे दुखत. बारीक तारांचे संच तेव्हा मिळत नसत, म्हणून त्याने बँजो या वाद्याच्या बारीक तारा गिटारला लावल्या. पुढे तारा सैल करण्याचा मार्ग त्याने धरला. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या ध्वनिमुद्रिकेतील काही गाण्यांत सगळे वाद्य तीन अर्धस्वरांनी खाली उतरवलेले आहे. आता गणित करू. तारेची कंप्रता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, हे तुम्ही शिकला असालच. एका सप्तकात बारा अर्धस्वर असतात आणि सप्तक उतरले की कंप्रता निम्मी होते. म्हणजे तीन अर्धस्वर उतरल्यावर कंप्रता मूळच्या ०.८४ पट होईल आणि ताण तिच्या वर्गाइतका, म्हणजे ०.७१ पट. सुमारे तीस टक्के ताण कमी झाला! गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंप्रता ८२ हर्ट्झ असते, ती ६९ हर्ट्झवर आली. बोटांना आराम मिळाला आणि स्वर खर्जात गेला. तो खर्ज चाहत्यांना इतका भावला की दहाही बोटे धडधाकट असलेले वादकसुद्धा तारा उतरवू लागले. तीस टक्के ताणाच्या या हिशेबातून एका संगीताचा स्वभाव ठरला म्हणायला हरकत नाही.

पण केवळ खर्ज म्हणजे हेवी मेटल नव्हे. त्याचा खरा आत्मा आहे तो गुरगुरणारा, चिरका, लांबत जाणारा आवाज. तो येतो कोठून? विजेच्या गिटारला पोकळ भोपळा नसतो. असते भरीव लाकूड. तारांखाली चुंबक असतो आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. पोलादी तार कंप पावली की वेढ्यांतून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. हाच फॅराडेने १८३१ साली शोधलेला प्रवर्तनाचा नियम. ही क्षीण वीज अॅम्प्लिफायर मोठी करतो. मात्र त्यालाही मर्यादा असते. मर्यादेपलीकडे त्याला ढकलले तर तरंगाचे डोंगरमाथे आणि दरीतळ सपाट कापले जातात. नितळ, गोलसर तरंगाचा असा चौकोनी तरंग झाला की त्यात मूळ कंप्रतेच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंप्रतेचे नवे स्वर आपोआप शिरतात. तार ११० हर्ट्झने कंप पावत असेल तर ३३०, ५५० आणि ७७० हर्ट्झही ऐकू येतात. अभियंत्याच्या भाषेत हा दोष, ‘विकृती’. वादकांनी या दोषाचाच अलंकार केला. १९६४ साली लंडनच्या ‘किंक्स’ या वृंदातील डेव्ह डेव्हिस याने तर असा आवाज मिळावा म्हणून ध्वनिवर्धकाचा कागदी पडदा दाढीच्या पात्याने चिरला होता!

आपल्याकडे हे नवे नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेखाली दोरा सरकवून आपण जवारी लावतो, ती कशासाठी? तारेतून वरचे स्वर भरभरून निघावेत म्हणूनच. वीणा आणि तंबोरा यांच्या घोडीचा हा गुण सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांडला होता. साधने वेगळी, ओढ तीच.

तंबोऱ्याशी आणखी एक नाते आहे. हेवी मेटलचा वादक वारंवार दोनच स्वर एकत्र छेडतो, षड्ज आणि पंचम. त्यांच्या कंप्रतांचे गुणोत्तर २:३. समजा ११० आणि १६५ हर्ट्झ. विकृत करणाऱ्या अॅम्प्लिफायरमधून दोन स्वर एकदम गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही स्वर म्हणून बाहेर पडतात. १६५ वजा ११० म्हणजे ५५, बेरीज २७५, ११० ची दुप्पट वजा १६५ पुन्हा ५५. हे सर्व ५५ च्या पटीत आहेत! कोणीही न छेडलेला, एक सप्तक खालचा षड्ज त्यातून उभा राहतो आणि छाती हादरवतो. पंचमाऐवजी गिटारवरचा गांधार घेऊन पाहा. ११० आणि सुमारे १३८.६ हर्ट्झ. वजाबाकी २८.६, बेरीज २४८.६, दुपटीतून वजा केले तर ८१.४. यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही, आवाज गढूळ होतो. मेटलमध्ये गांधार कमी का, याचे उत्तर रुचीपेक्षा या आकडेमोडीत अधिक आहे.

आता ध्वनिमुद्रिकांकडे वळू. जुन्या तबकडीवर आवाज म्हणजे खाचेचे नागमोडी वळण. आवाज मोठा तर वळण मोठे, खर्जाचे तर आणखीच मोठे. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे बसवायची तर आवाजाला आवर घालावाच लागे. १९८२ साली लेसरने वाचायची सीडी आली आणि आवाज आकड्यांत साठू लागला. प्रत्येक नमुना उणे ३२,७६८ ते ३२,७६७ या दरम्यानचा एक आकडा. आकड्यांचा कमाल टप्पा ठरलेला असला तरी हळू भाग उचलून त्या टप्प्याजवळ नेण्यास कोणी अडवत नव्हते. प्रत्येकाला आपली सीडी शेजारणीपेक्षा मोठ्याने वाजायला हवी होती. चढाओढ लागली. २००८ साली ‘मेटॅलिका’ या अमेरिकन वृंदाची ‘डेथ मॅग्नेटिक’ निघाली, तेव्हा चाहत्यांनाच ती कानाला खुपली. हीच गाणी ‘गिटार हिरो’ या संगणकीय खेळातही होती. काही चाहत्यांनी दोन्हींचे तरंग संगणकावर शेजारी शेजारी काढले. खेळातल्या तरंगात चढउतार होते. सीडीतला तरंग विटेसारखा सपाट कापलेला होता! पुन्हा ध्वनिमिश्रण करा, अशा मागणीपत्रावर हजारो सह्या झाल्या. गिटारची विकृती ज्यांना प्रिय, त्यांनी सगळ्या मिश्रणाच्या विकृतीविरुद्ध तक्रार करावी, यात विसंगती वाटेल. पण नाही. गिटार चिरकली तरी ढोलाचा ठोका ठोक्यासारखा उठून यायला हवा. हळू नसेल तर मोठे ते काय?

चाहत्याला ध्वनिमुद्रिकेवर समाधान नसते. त्याला प्रत्यक्ष कार्यक्रम हवा. १ फेब्रुवारी २००८ रोजी ‘आयर्न मेडन’ या इंग्लिश वृंदाने आपला जागतिक दौरा मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर सुरू केला. ते ज्या बोइंग ७५७ विमानातून फिरत, ते त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः चालवी! अशा मैदानात ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो, म्हणजे शंभर मीटर मागे उभ्या असलेल्याला ढोलाचा ठोका ०.३ सेकंद उशिरा ऐकू येतो. म्हणून मागे ध्वनिवर्धकांचे मनोरे उभारतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात.

येथे गंभीर गोष्ट सांगितली पाहिजे. ध्वनीची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दसपट होते, पण कानाला तो जेमतेम दुप्पट वाटतो. कान फसतो तो असा. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसावा, त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करावा, असा कामगारांसाठीचा एक प्रचलित हिशेब आहे. करून पाहा: १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटे. कार्यक्रम चालतो दोन तास! कानाच्या शंखासारख्या भागात सुमारे पंधरा हजार केसाळ पेशी असतात. त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांत मात्र उगवतात. १९७६ साली ‘द हू’ या वृंदाच्या लंडनमधील कार्यक्रमात आवाज १२० डेसिबलच्या घरात गेला होता आणि गिनेसच्या पुस्तकात त्याची नोंदही झाली. पुढे कानांना अपाय होईल म्हणून गिनेसने असल्या विक्रमांची नोंदच बंद केली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने कार्यक्रमस्थळांसाठी १०० डेसिबल सरासरीची मर्यादा सुचवली आहे. मुंबईत धोबी तलावाजवळचे रंगभवन हे कित्येक वर्षे रॉकप्रेमींचे माहेरघर होते. पण शेजारी रुग्णालय आणि महाविद्यालय. शांतता क्षेत्राचे नियम आले आणि तेथील गजर थांबला. चाहत्यांना वाईट वाटले. रुग्णांची बाजूही खरीच होती. मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे नाचणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे, बरे का! कानात नीट बसवलेले फोमचे बोळे वीसेक डेसिबल सहज कमी करतात, आणि १०० चे ८० होणे म्हणजे तीव्रता शंभरावा हिस्सा होणे.

आणि ती गर्दी! व्यासपीठापुढे काही चाहते एकमेकांवर आदळत सैरावैरा धावतात. याला मॉश पिट म्हणतात. कोणी पडला तर त्याला लगेच उचलायचे, हा तेथील अलिखित नियम. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचा जेसी सिल्व्हरबर्ग हा संशोधक स्वतः मेटलचा चाहता. त्याने आणि सहकाऱ्यांनी अशा गर्दीच्या चित्रफिती घेऊन माणसांचे वेग मोजले. २०१३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष गमतीचा आहे. वेगांची वाटणी बंद भांड्यातील वायूच्या रेणूंसारखी निघाली. मॅक्सवेल आणि बोल्ट्झमन यांनी रेणूंसाठी काढलेले सूत्र घामाघूम माणसांना लागू पडले!

मग त्यांनी संगणकात बाहुली सोडली. शेजाऱ्याला धडकले की मागे सरायचे आणि आसपासचे जिकडे जातात तिकडे थोडे वळायचे, इतकेच नियम. दुसरा नियम कमजोर ठेवला तर वायू. जोरदार केला तर सगळे गोल फिरू लागतात. असे रिंगण खऱ्या कार्यक्रमांतही धरले जाते. या खेळात रस का घ्यायचा? घाबरलेल्या गर्दीवर मुद्दाम प्रयोग करता येत नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. डेन्मार्कमधील रॉस्किल्ड महोत्सवात २००० साली पर्ल जॅम या वृंदाच्या कार्यक्रमात नऊ तरुण गुदमरून दगावले. त्यानंतर तेथे व्यासपीठापुढचा भाग कठड्यांनी वेगळा करून मोजक्याच लोकांना आत सोडू लागले. कठडे कोठे घालायचे आणि वाट किती रुंद ठेवायची, हे ठरवायला गर्दीचे गणित लागते. राजीखुशीने धक्के खाणारे चाहते त्यासाठी आयती प्रयोगशाळा ठरले.

एक गंमत राहिलीच. संगणकातील रिंगणे निम्मी उजवीकडून, निम्मी डावीकडून फिरली. चित्रफितींतील खरी रिंगणे मात्र जवळजवळ सगळी घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरत होती. बहुतेक माणसांचा उजवा हात-पाय अधिक जोरकस असतो, याच्याशी त्याचा संबंध असावा असा संशोधकांचा तर्क आहे. खेळाच्या तासाला वर्गातील तीस-चाळीस मुलांना, दिशा न सांगता, पटांगणावर गोल धावायला सांगा आणि दहा वेळा नोंद करा. डावखुरे किती होते, तेही लिहून ठेवा.