माळ्यावरचे जुने गेम : पसारा की भांडवल?



मागच्या महिन्यात आपल्या एका प्रेक्षकाचा पुण्याहून फोन आला. "सर, वडिलांचा जुना कॉम्प्युटर माळ्यावर सापडलाय. सोबत गेमच्या अकरा कॅसेट आहेत. एक जण सगळ्याचे पाचशे देतो म्हणतोय, आणि मोबाईलवर बघितलं तर एकेका कॅसेटला पाच-पाच हजार लिहिलेत! एफडी मोडून जुन्या बाजारातून असा माल गोळा करू का?"

मी म्हटलं, "एफडीला हात लावू नका. आधी किंमत काढायला शिका."

हा माल आहे काय?

१९८२ साली इंग्लंडमध्ये सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम आला. घरच्या टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून गेम चढवायचा. एक गेम चढायला पाचेक मिनिटं लागायची. पुढे पुण्याच्याच डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' भारतात आणला. म्हणून आपल्याकडच्या माळ्यांवरही हा माल अधूनमधून निघतो. पण जास्त गिऱ्हाईक आजही इंग्लंड-युरोपात आहे, हे लक्षात ठेवा.

किंमत ठरवणाऱ्या चार गोष्टी

१. अस्सल की कॉपी? त्या काळी घरोघरी एका कॅसेटवरून दुसरी भरली जायची. झेरॉक्स केलेलं कव्हर, हाताने लिहिलेलं लेबल असेल तर संग्राहक ती घेत नाही. मी स्वतः यात फसलोय. एकदा तीस कॅसेटचा गठ्ठा न उघडताच उचलला. घरी येऊन बघतो तर सव्वीस कॉपी! चूक माझीच, घाई केली. आणि कॉपी करून विकणं तर बेकायदेशीरच आहे, त्या वाटेला जाऊच नका.

२. कुठली आवृत्ती? 'मॅनिक मायनर' हा गाजलेला गेम १९८३ मध्ये आधी बग-बाइट कंपनीने काढला, नंतर सॉफ्टवेअर प्रोजेक्ट्सने. गेम तोच, पण संग्राहकाच्या लेखी या दोन वेगळ्या वस्तू. तसंच मास्टरट्रॉनिकसारख्या कंपन्यांनी पावणेदोन-दोन पौंडांत भरमसाट स्वस्त गेम विकले. ते जुने आहेत, पण दुर्मिळ नाहीत. जुनं म्हणजे महाग, हा गैरसमज आजच डोक्यातून काढा.

३. सगळं आहे का? १९८४ च्या 'जेट सेट विली'सोबत रंगीत चौकटींचं कार्ड यायचं. त्यावरचा कोड दिल्याशिवाय गेम सुरूच व्हायचा नाही. कार्ड हरवलं की भाव पडला! त्याच वर्षी बीबीसी मायक्रोवर आलेल्या 'एलीट'च्या डब्यात माहितीपुस्तिका आणि एक छोटी कादंबरीही होती. नुसती कॅसेट आणि भरलेला डबा, यांच्या भावात मोठा फरक असतो.

४. अवस्था काय? आपल्याकडचा पावसाळा कॅसेटचा शत्रू. फितीवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागते आणि तिथून दुसऱ्या कॅसेटला. चांगली कॅसेट मात्र चालवून, तिचा व्हिडिओ काढून ठेवा. गिऱ्हाईकाचा विश्वास त्यावरच बसतो.

मागितलेला भाव आणि मिळालेला भाव

पाच हजार हा विकणाऱ्याने *मागितलेला* भाव. मागायला काय जातंय? ईबेवर 'विकल्या गेलेल्या वस्तू' असा फिल्टर आहे, तो लावा. तोच गेम, तीच आवृत्ती, तशीच अवस्था असे शेवटचे पाच-सहा सौदे वहीत लिहा. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडून द्या. मधला तुमचा.

आता हिशोब करू. समजा, एक कॅसेट १,५०० ला जाते. पॅकिंग-पोस्टेज ४००, कमिशन २००. हातात राहिले ९००. पण तीन घेतल्या तर तिन्ही लगेच जातील असं नाही. दोन गेल्या तर आले १,८००. खरेदी ६०० ने केली असेल तर नफा शून्य! ५०० ने केली असेल तर ३०० सुटले. म्हणून माझा नियम: विक्रीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त देऊन खरेदी करायची नाही. आणि व्यवसाय म्हणून परदेशी माल पाठवायचा असेल तर आयईसी नंबर आधी काढा.

मग त्या पुण्याच्या भावाचं काय झालं?

अकरापैकी सात कॅसेट कॉपी निघाल्या. चार अस्सल होत्या, त्यातल्या तीन विकल्या गेल्या. मिळालेली रक्कम पाचशेपेक्षा बरीच जास्त, पण स्वप्नातल्या पंचावन्न हजारांच्या जवळपासही नाही. आता त्याच पैशातून तो पुढची खरेदी करतोय. एफडी जागेवर आहे.

आणि त्या सात कॉप्या? त्यांच्या लेबलवर वडिलांचं अक्षर आहे. बाजारात त्यांना भाव नाही. त्या त्याने कपाटात जपून ठेवल्यात. विकायचं काय आणि ठेवायचं काय, हे ज्याला कळलं त्याला धंदा कळायला लागला.

आजचा गृहपाठ: घरातली एक जुनी वस्तू घ्या, तिचे पाच *झालेले* सौदे शोधा आणि वरचा हिशोब मांडा. एक रुपयाही गुंतवायच्या आधी!

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत शिकत राहा, कमवत राहा!